शाल की साल?



आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. खरं म्हणजे दोन चुका. गुरुजींची चूक म्हटल्याबरोबर कसे कान टवकारले बघा! राहू द्या तसेच. आजची सगळी गोष्ट कानांचीच आहे.

आमची शाळा शहादा तालुक्यातल्या एका लहान गावातली, दोन शिक्षकांची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही माझ्याकडे. तिसरीला पाढे घ्यायचे तर चौथीला काय द्यायचं, हा रोजचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात मी एक युक्ती काढली. चौथीच्या श्रुतलेखनाचे शब्द घरी मोबाईलवर बोलून ठेवले. वर्गात मोबाईल एका छोट्या अँप्लिफायरला जोडला आणि अँप्लिफायर एका जुन्या लाकडी स्पीकरला. आता खोकं शब्द सांगणार, चौथी लिहिणार आणि मी तिसरीचे पाढे घेणार. आहे की नाही झकास?

शब्द मी मुद्दाम जोड्यांचे निवडले होते : शाल आणि साल, शूर आणि सूर, शेर आणि सेर. कान नीट देऊन ऐकलं तरच लिहिता येतील असे.

वह्या तपासल्या आणि कपाळाला हात लावला. कुणी शूरचा सूर केला होता, कुणी सेरचा शेर. एकाने तर सगळीकडे ‘स’ लिहून प्रश्नच मिटवला होता. मी मनाशी म्हटलं, ‘घरी अहिराणी बोलतात ना! शाळेला साळा म्हणायची सवय. मग श कुठून ऐकू येणार?’ लाल पेनाने वह्या रंगवल्या. चुकलेला प्रत्येक शब्द दहा दहा वेळा लिहायला लावला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच.

आता थांबा. माझ्या विचारात एक मोठं भोक होतं. तुम्हाला दिसलं का? घरच्या भाषेमुळे चूक होत असती तर ती एकाच बाजूने झाली असती. शालचं साल झालं असतं, पण सालचं शाल कशाला झालं असतं? मुलं दोन्ही बाजूंनी चुकत होती. याचा अर्थ ती सवयीने लिहीत नव्हती, अंदाजाने लिहीत होती. आणि अंदाज माणूस कधी करतो? नीट ऐकू येत नाही तेव्हा. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. ही माझी पहिली चूक.

ती पकडली चौथीतल्या एका मुलीने. तिचं नाव छापायचं नाही, असं तिनेच बजावलंय. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, एकदा नुसत्या मोबाईलवर लावा ना.” मी लावलं. स्पष्ट ऐकू आलं, ‘शाल’. मग तिने खोक्यावर लावायला सांगितलं. ती म्हणाली, “बघा, मोबाईल म्हणतो शाल. खोकं म्हणतं हाल!”

वर्ग हसला, पण मी नाही हसलो. कारण मलाही ‘हाल’च ऐकू आलं होतं.

मग तिने खोक्याच्या तोंडाला कान लावला. या खोक्यात दोन स्पीकर आहेत. खाली मोठा, वर छोटा. खाली कान, वर कान, पुन्हा खाली, पुन्हा वर. आणि शेवटी तिने निकाल दिला, “खालना बोलस, वरना मुका शे!”

म्हणजे खालचा बोलतो, वरचा मुका आहे.

त्या मुक्याची गोष्ट सांगण्याआधी या खोक्याची ओळख करून देतो. कारण हे साधंसुधं खोकं नाही. ते विलायतेहून आलंय.

माझे मामा मुंबईला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत तंत्रज्ञ होते. स्टुडिओने नवी यंत्रं घेतली, तेव्हा जुन्या सामानातली स्पीकरची एक जोडी मामांनी विकत घेतली आणि गावी पाठवली. ज्या पेटीतून ती आली, ती अजून मामांच्या माळ्यावर आहे. तिच्यावर पत्ता लिहिलाय : ‘तालुका शहादा, जिल्हा धुळे’. चुकलेला नाही बरं का! आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पेटी त्याच्या आधीची.

या स्पीकरचं नाव एल.एस. ३/५ ए. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६. तुमच्या दप्तरापेक्षाही लहान. वजन मात्र पाच किलोच्या आसपास. याची मूळ रचना केली इंग्लंडच्या बी.बी.सी.ने, म्हणजे तिथल्या रेडिओ आणि दूरदर्शनवाल्या संस्थेने. आणि ती का केली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

मोठ्या वाद्यवृंदासाठी स्टुडिओ बांधायचा असेल तर त्यात आवाज कसा घुमेल हे आधी कसं कळणार? बांधून झाल्यावर ‘अरेरे’ म्हणण्यात काय अर्थ? म्हणून बी.बी.सी.च्या संशोधन विभागाने १९७० च्या सुमारास एक प्रयोग चालवला होता : स्टुडिओची आठ पट लहान प्रतिकृती करायची आणि तिच्यात संगीत वाजवून पाहायचं. पण खोली आठ पट लहान केली तर आवाजाच्या लहरीही आठ पट लहान करायला हव्यात, नाही का? त्यासाठी संगीताची फीत आठ पट वेगाने वाजवायची. मग प्रतिकृतीतला आवाज पुन्हा टिपून घ्यायचा आणि तो आठ पट सावकाश करून ऐकायचा. एवढ्याशा खोलीत वाजवायला स्पीकरही एवढासाच हवा. म्हणून एक चिमुकला स्पीकर तयार झाला.

आणि तो अपेक्षेपेक्षा फारच चांगला निघाला! त्याच वेळी बी.बी.सी.ला दुसरी एक अडचण होती. क्रिकेटचा सामना असो की एखादा समारंभ, बाहेरून प्रक्षेपण करायला त्यांच्या मोटारगाड्या जात. गाडीत यंत्रांची दाटी. तिथे मोठा स्पीकर ठेवायचा कुठे? मग त्या चिमुकल्यावर आणखी काम करून हा एल.एस. ३/५ ए घडवला. एच. डी. हार्वूड, एम. ई. व्हॅटन आणि आर. डब्ल्यू. मिल्स या तिघा संशोधकांनी त्याच्या रचनेचा सविस्तर अहवाल १९७६ साली लिहिला. बी.बी.सी.च्या परवानगीने वेगवेगळ्या कंपन्यांनी तो तयार करून विकला. मामांच्या जोडीवर ‘रॉजर्स’ या कंपनीचं नाव आहे.

दुसऱ्या दोन कंपन्यांच्या नावांची तर गंमतच आहे. ‘हार्बेथ’ ही कंपनी वर सांगितलेल्या हार्वूडसाहेबांनीच १९७७ साली काढली. हार्वूडमधला ‘हार’ आणि त्यांच्या पत्नीच्या एलिझाबेथ या नावातला ‘बेथ’. ‘स्पेंडॉर’ काढली स्पेन्सर ह्यूज यांनी. तेही बी.बी.सी.च्या संशोधन विभागातलेच. स्पेन्सर आणि त्यांच्या पत्नी डोरोथी मिळून झाला स्पेंडॉर!

अशा स्पीकरला ‘मॉनिटर’ म्हणतात. तुमच्या वर्गातही मॉनिटर असतो ना? चांगला मॉनिटर कसा? जे घडलं ते जसंच्या तसं सांगणारा. मित्र आहे म्हणून झाकायचं नाही, भांडण आहे म्हणून वाढवायचं नाही. मॉनिटर स्पीकरचंही तेच काम. गायकाचा आवाज फाटला तर तो फाटकाच ऐकवायचा, गोड करून ऐकवायचा नाही. लग्नाच्या मांडवातला स्पीकर मोठ्याने बोलतो. मॉनिटर स्पीकर खरं बोलतो. मोठं बोलणं आणि खरं बोलणं यांत केवढं अंतर आहे, ते मांडवात बसलेल्या आजीला विचारा!

पण खरं बोलणं सोपं नसतं. या एवढ्याशा खोक्यात त्यासाठी किती खटाटोप केलाय बघा.

खालच्या मोठ्या स्पीकरला वूफर म्हणतात. त्याचा आवाज काढणारा शंकू साधारण ११ सेंटिमीटरचा आहे आणि तो कागदाचा नाही, बेक्सट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा आहे. पावसाळ्यात पापड सादळतो, तसा कागदही हवेतली ओल पितो. शिवाय कागदाचे दोन शंकू अगदी एकसारखे होणं कठीण. प्लॅस्टिकचे होऊ शकतात. वरच्या छोट्याला ट्वीटर म्हणतात. त्याची घुमटी जवळपास जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. हे दोन्ही ‘केईएफ’ या कंपनीने बनवले. ती रेमंड कुक यांनी १९६१ साली स्थापन केली.

खोक्याच्या भिंती पातळ प्लायवूडच्या आहेत आणि त्यांना आतून जड, डांबरी पट्ट्या चिकटवल्या आहेत. का? घागरीवर टिचकी मारा, ती टणकन वाजेल. आता दुसरा हात घागरीवर ठेवून टिचकी मारा. आवाज गप्प! त्या पट्ट्या म्हणजे तो दुसरा हात. स्पीकर वाजावा, खोकं वाजू नये.

या दोघांत कामाची वाटणी आहे. आवाज म्हणजे कंपनं, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. दर सेकंदाला सुमारे ३००० कंपनांपर्यंतचे आवाज वूफर काढतो आणि त्याहून उंच आवाज ट्वीटरकडे जातात. दाराशी उभा राहून ‘तू खाली जा, तू वर जा’ असं सांगणारा रखवालदार म्हणजे आत बसवलेलं एक छोटं सर्किट. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

आता आलं लक्षात? ‘स’ आणि ‘श’ म्हणताना आपण दातांमागून हवा सोडतो. साप फुसफुसतो ना, तसा तो आवाज. ती फुसफुस बरीचशी ३००० कंपनांच्या वरची असते. त्यातही ‘स’ची फुसफुस ‘श’पेक्षा उंच. ट्वीटर मुका झाला की दोन्ही गेल्या! मागे उरतो ‘आ’ आणि ‘ल’. मग शाल असो की साल, खोकं म्हणणार हाल.

याचा आणखी एक पुरावा तुमच्या आजोबांकडे मिळेल. तारेच्या जुन्या फोनवर नाव सांगताना लोक ओरडायचे, “स नाही हो, श! शहामृगाचा श!” कारण त्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० एवढ्याच कंपनांचा आवाज जायचा. बोलणं कळायचं, माणूस ओळखू यायचा, पण स-श ची गडबड व्हायची. आमचं खोकं तीन सोमवार जुना टेलिफोन झालं होतं!

आणि म्हणूनच माझ्याही लक्षात आलं नाही. खोकं पूर्ण बंद पडलं असतं तर लगेच कळलं असतं. ते बोलत होतं. शिवाय शब्द माझेच होते. मला ते आधीपासून ठाऊक होते, म्हणून मला ते ‘ऐकू’ येत होते! ज्याला उत्तर माहीत असतं, त्याला प्रश्नातली खोट दिसत नाही.

आता माझी दुसरी चूक. ही जुनी आहे, मी चौदा वर्षांचा असतानाची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे जायचो. ही जोडी तिथल्या ओट्यालगतच्या खोलीत असायची. एक दिवस मामा बाजाराला गेले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एका स्पीकरचं पुढचं कापड मी काढलं. आत ट्वीटरभोवती जाड काळ्या नमद्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या. मला वाटलं, आवाजाच्या वाटेत हे गोणपाट कशाला? काढलं की आवाज मोकळा होईल! मी त्या पट्ट्या खरवडून काढल्या. मग ट्वीटरही स्क्रू काढून बाहेर ओढला आणि मागची बारीक तार तटकन तुटली.

मला घाम फुटला. मामांच्या पेटीतलं सोल्डरिंग काढलं आणि तारेला कसाबसा एक डाग दिला. वाजवून पाहिलं, वाजलं. सगळं जागच्या जागी लावलं, कापड चढवलं, नमद्याचे तुकडे उकिरड्यावर टाकले. मामा आले तेव्हा मी गोष्टीचं पुस्तक वाचत बसलो होतो. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. ना त्या दिवशी, ना पुढची वीस-बावीस वर्षं.

दोन वर्षांपूर्वी मामांनी मला शाळेसाठी एक स्पीकर दिला. “मुलांना ऐकव,” म्हणाले. मी तोच मागून घेतला, मी उघडलेला. चांगला त्यांच्याकडे राहावा म्हणून.

तर मित्रांनो, मुका ट्वीटर घेऊन मी शहाद्याला गेलो. मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी चष्मा चढवला, स्क्रू काढले, ट्वीटर हलकेच बाहेर घेतला आणि दिव्याखाली धरला. तारेवरचा सोल्डरचा डाग राखाडी, खडबडीत दिसत होता आणि तार त्यातून सुटून आली होती. चांगला डाग चकचकीत आणि गुळगुळीत असतो. तार नीट तापलेली नसताना दिलेला डाग नुसता वरवर बसतो. त्याला या धंद्यात ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो दिवसांमागून दिवस टिकतो आणि एक दिवस सोडतो.

मामा म्हणाले, “हा डाग माझ्या हातचा नाही. कारखान्यातलाही नाही.”

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग सगळं सांगितलं. नमदा, तार, उकिरडा, गोष्टीचं पुस्तक, सगळं.

मामांनी मला रागे भरलं नाही. सोल्डरिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आधी तार तापव. मग सोल्डर लाव. घाई करू नको.” डाग बसला, चकचकीत. मग म्हणाले, “खरवडायच्या आधी एकदा विचारायचंस, मामा, हे इथे का आहे?”

मी त्यांना तेव्हा विचारलं. चौदाव्या वर्षीचा प्रश्न छत्तिसाव्या वर्षी! उत्तर असं : ट्वीटरमधून निघालेला आवाज नुसता समोर जात नाही, फळीवरून बाजूलाही पसरतो. खोक्याच्या कडा पुढे आलेल्या आहेत. आवाज त्या कडांवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. त्यामुळे ‘स’ टोचरा होतो. नमदा तो बाजूचा आवाज वाटेतच पिऊन टाकतो. म्हणजे मी गोणपाट समजून जे उकिरड्यावर टाकलं, ती त्या संशोधकांनी विचार करून ठेवलेली गोष्ट होती. पुढचं कापड आणि ट्वीटरवरची जाळीदार टोपीसुद्धा नुसती शोभेला नाही. तीही जमेला धरूनच आवाज जुळवलेला आहे.

आता नमदा कुठून आणायचा? तुम्ही नंदुरबारचे असाल तर उत्तर लगेच द्याल. सारंगखेड्याहून! तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आणि घोडा आला की खोगीर आलं, खोगिराखाली नमदा आला. यात्रेत खोगीरवाल्याकडे मी नमद्याचा तुकडा मागितला. तो म्हणाला, “घोडा केवढा आहे?” मी म्हटलं, “दप्तराएवढा.” तो माझ्याकडे बघतच राहिला!

मामांकडचा दुसरा स्पीकर आम्ही शाळेत आणला. तो कुणी न छेडलेला, म्हणून तो आमचा नमुना. त्याच्यातल्या पट्ट्यांची जाडी-लांबी पाहून आम्ही लोकरी नमदा कापला आणि माझ्या स्पीकरला बसवला. पण बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर दोन्ही वेळा मुलांना ऐकवलं. कोणता स्पीकर वाजतोय हे न सांगता, पुढे चादर धरून. नमद्याविना ‘स’ जरा टोचत होता. नमदा लावल्यावर दोघे भाऊ बरेच जवळ आले. अगदी जुळे झाले असं नाही म्हणणार. खोगिराचा नमदा तो खोगिराचाच. काही मुलांना फरक लगेच कळला, काहींना कळलाच नाही. ज्यांना कळला नाही त्यांनी तसं सांगितलं. मला ते फार आवडलं.

मग चादरीमागे एकेक मूल उभं केलं. कधी ते मूल बोले, कधी त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज खोकं बोले. ओळखा पाहू कोण! बी.बी.सी.च्या लोकांनीही आपले स्पीकर जिवंत आवाजाशी ताडून पाहिले होते. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलोय. त्याच्यात जरा खोट आली की कान पकडतो. चौथीच्या पोरांनी आमचं खोकं बहुतेक वेळा पकडलं. थोड्या वेळा फसलेही.

एका मुलाने मात्र स्वतःचाच आवाज ऐकून तक्रार केली, “हाऊ मना आवाज नही!” सगळे म्हणाले, तुझाच आहे. दोघंही बरोबर होते. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून आलेला आवाज जाडसर असतो. तो रेकॉर्डमध्ये येत नाही. म्हणून स्वतःचा आवाज परका वाटतो.

आता कुणी विचारेल, हे खोकं इतकं गुणी, तर काठीच्या होळीतला मोठा ढोल यातून ऐकला तर? नाही हो! तो दणका या दप्तराएवढ्या खोक्याला पेलायचाच नाही. फार खालचे सूर याला काढता येत नाहीत आणि फार मोठ्याने ओरडताही येत नाही. पण जे याला जमतं ते हे नीट करतं. ढोल ऐकायचा तर सातपुड्यात जाऊन, समोर उभं राहून ऐकावा.

आणि श्रुतलेखनाचं काय झालं? नव्या सोमवारी पुन्हा तेच शब्द, त्याच खोक्यातून. शाल शाल झाली, साल साल झालं. दोन-तीन चुका राहिल्या, त्या मात्र खऱ्या चुका होत्या.

मग मी सगळ्या वह्या परत मागवल्या. तिन्ही सोमवारच्या लाल खुणांवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘चूक गुरुजींची’. आणि सही केली. एका मुलाने विचारलं, “गुरुजी, आम्ही दहा दहा वेळा लिहिलं त्याचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मी फळ्यावर ‘आधी नीट ऐकावे’ हे वाक्य दहा वेळा लिहिलं. चौथीने मोजून घेतलं.

करून पाहा

१. घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर हे शब्द बोलायला सांगा : शाल, साल, सूर, शूर, सेर, शेर. क्रम त्यांनी ठरवायचा, तुम्हाला सांगायचा नाही.

२. मोबाईल टेबलावर ठेवा. तीन पावलं दूर बसा. ऐका आणि लिहा.

३. आता तोच मोबाईल जाड टॉवेलमध्ये गुंडाळा. पुन्हा ऐका आणि लिहा. मग रिकाम्या डब्यात ठेवून, मग मातीच्या माठात ठेवून. प्रत्येक वेळी क्रम बदलायला सांगा.

४. किती शब्द बदलले? एकाच बाजूने बदलले की दोन्ही बाजूंनी? आवाज कुठे बोदा झाला, कुठे घुमला, ते वहीत लिहा.

एक ताकीद. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू मोठ्या माणसाशिवाय उघडायची नाही. आणि मोठं माणूस जवळ असलं तरी उघडण्याआधी तो प्रश्न विचारायचा : हे इथे का आहे?

पालकांसाठी दोन शब्द : मूल श्रुतलेखनात सारखं चुकत असेल तर त्याच्या घरच्या बोलीला दोष देण्याआधी ते कुठे बसतं, फळ्यापासून किती दूर, त्याच्या कानांत काही दुखणं तर नाही ना, हे पाहा. शंका वाटली तर डॉक्टरांना कान दाखवा. माझ्या वर्गातल्या मुलांचे कान उत्तम होते. त्यांच्याशी बोलणारं यंत्र बिघडलं होतं आणि त्यांना तपासणारा माणूस घाईत होता.

खोकं आता आमच्या वर्गात खिडकीशेजारी असतं. त्याच्यावर त्या मुलीने एक चिठ्ठी चिकटवलीय : ‘वर्गाचा मॉनिटर’. खऱ्या मॉनिटरला ते मुळीच आवडलेलं नाही, पण त्याची गोष्ट पुढच्या वेळी.

तुमचा,
गुरुजी